त्या मागच्या बोटीने येतील

सिस्टरांच्या सायकलवर मी पहिल्यांदा बसले ती मागच्या कॅरिअरवर, धापा टाकत. मुरुडपासून थोडं आत, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात प्राथमिक शाळेवर मी तेव्हा नुकतीच बदलून आले होते. शाळेच्या पलीकडे आरोग्य उपकेंद्र होतं आणि तिथे त्या परिचारिका होत्या. त्यांना नावाने हाक मारणारं गावात कोणी नव्हतं. लहानथोर सगळे सिस्टर म्हणत, मीही तेच म्हणायला लागले. त्या मला बाई म्हणत, शाळेतली बाई म्हणून. पण त्या बाईमागे अहोजाहो नव्हतं. "काय गो बाई, जेवलीस का?" असं असायचं.

त्या दिवशी वर्गातलं कपाट झाडताना माझा दमा उसळला. पंप घरी राहिला होता. मुलं धावत जाऊन सिस्टरांना घेऊन आली. रिक्षा मिळेना, तेव्हा त्यांनी मला कॅरिअरवर बसवलं आणि मुरुडच्या दवाखान्यापर्यंत एकटीने सायकल मारली. त्या पन्नाशीच्या होत्या, मी छत्तीस वर्षांची. चढ आला की त्या उतरून ढकलायच्या, पण मला उतरू देईनात.

दुसऱ्या दिवशी उपकेंद्राच्या पायरीवर बसून त्यांनी मला समोर उभं केलं. "दम लागतो म्हणून बसून राहिलीस तर एक दिवस दमच बसेल तुझा. सायकल येते?"

"येते. पण बारावीनंतर चालवली नाही."

"मग आता चालव. रविवारी सकाळी साडेसहाला ये."

असं ते सुरू झालं. आधी नांदगाव, मग काशीद, मग रेवदंड्याचा पूल. मी दर दोन किलोमीटरला थांबायचे आणि त्या माझ्यासाठी थांबायच्या. कधी पुढे गेल्या तरी वळणाच्या अलीकडे उभ्या असायच्या, वळणाच्या पलीकडे नाही. मला दिसेल अशा. हे मला तेव्हा साधंच वाटायचं. माणूस माणसासाठी थांबतो, त्यात काय एवढं.

दोन वर्षांनी जानेवारीत आमच्या गावातून विचित्र सायकली जायला लागल्या. हँडलला वळकटी, सीटखाली लांबट पिशवी, मधल्या नळीवर तिकोनी पिशवी, सगळा संसार सायकलवर. एक जण पाणी मागायला उपकेंद्रात आला. त्याने सांगितलं की ही तीन दिवसांची राइड आहे. मांडव्याच्या जेटीवरून निघायचं, आत पेण, पाली, रोहा करून डोंगर उतरून पुन्हा समुद्राला मुरुडला यायचं, आगरदांड्याला खाडी ओलांडायची आणि तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत हरिहरेश्वर गाठायचं. सोबत गाडी नाही, मदतनीस नाही. जे लागेल ते स्वतः वाहून न्यायचं.

तो गेल्यावर सिस्टर म्हणाल्या, "हे तर मी पंचवीस वर्षं करते हाय. लसींचा डबा, रजिस्टर, छत्री, जेवण." मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी जाऊया?"

पिशव्या आम्ही मुरुडच्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडून शिवून घेतल्या. मोहल्ल्यात त्याचं दुकान होतं, तो होड्यांवरची ताडपत्री शिवायचा. सिस्टर त्याला चाचा म्हणत. त्याच्या सगळ्या नातवंडांना टोचणारा हात ह्यांचाच. त्याने निळ्या ताडपत्रीच्या पिशव्या इतक्या पक्क्या शिवल्या की पहिल्या वर्षी मुंबईचे लोक त्यांचे फोटो काढत होते.

त्या राइडचं जग मला तिथेच पहिल्यांदा कळलं. आदल्या संध्याकाळी मांडव्याजवळच्या एका शेतात सगळे जमले होते. शेतमालकाने पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, वर जाळ. त्या गरम शेंगा सोलत लोक फक्त वजनाबद्दल बोलत होते. कुणी दात घासायच्या ब्रशचा दांडा कापून आणला होता, कुणी टॉवेल अर्धा केला होता. संगणकवाले, बँकवाले, पेणचा एक मूर्तिकार, रसायनीच्या कारखान्यातले दोघे. एरवी जे एकमेकांच्या बाजूलाही बसले नसते ते एका मडक्याभोवती बसले होते. संयोजक निवृत्त मुख्याध्यापक होते, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी नियम सांगितला: जे सगळ्यांना मिळू शकतं ते घ्या, जे फक्त तुमच्यासाठी ठेवलंय ते घेऊ नका.

"मग ह्यांचं काय?" कोणीतरी सिस्टरांकडे बोट दाखवून हसत म्हणालं. "ह्यांना मुरुड तालुक्यात घराघरात ओळख."

सिस्टर म्हणाल्या, "घरं सगळ्यांना उघडी हायत. विचारा नि जा."

प्रत्येक सायकलला आगपेटीएवढी एक डबी लावायचे. तिच्यामुळे मोबाईलवरच्या नकाशावर आपला ठिपका हलताना दिसायचा. जाणारे साठ-सत्तर, पण ठिपके बघणारे शेकड्यांनी. सिस्टरांची मुलगी पनवेलहून बघायची. माझ्या वर्गातली मुलं बघायची. हरिहरेश्वरला जिथे राइड संपायची तिथे एक खाणावळ होती, तिची मालकीणही बघायची. ठिपक्याने श्रीवर्धन सोडलं की ती तांदूळ धुवायला घ्यायची, म्हणजे माणूस पोचेपर्यंत भात गरम. आम्ही दोघी त्या पहिल्या वर्षी सगळ्यात शेवटी पोचलो. सूर्य पाण्याला टेकला होता. काकांनी समाप्तीचा बोर्ड उतरवून ठेवला होता तो पुन्हा आमच्यासाठी लावला. खाणावळवालीने दारातच सिस्टरांचे पाय धरले. तिच्या बहिणीचं बाळंतपण सिस्टरांनी केलेलं होतं म्हणे, कुठल्याशा पावसात.

सामान आम्ही वाटून घ्यायचो. कशाला दोन-दोन न्यायचं? पंक्चरचं सामान, पाने, हवा भरायचा पंप माझ्याकडे. औषधाचा डबा सिस्टरांकडे, त्यात माझा दम्याचा पंप. त्या गमतीने म्हणायच्या, "चाकाचा पंप तुझ्याकडे, तुझा पंप माझ्याकडे. आता भांडून तर बघ माझ्याशी."

दुसऱ्या वर्षीही आम्ही शेवटच्या पाचात होतो. मला मात्र आता धाप लागत नव्हती. डॉक्टरांनीही औषध कमी केलं होतं. चढावर मी सिस्टरांच्या पुढे जायला लागले होते, आणि वळणाच्या अलीकडे आता मी उभी असायचे. मात्र मला ते उभं राहणं जड जायचं. हे मी तेव्हा स्वतःशीही बोलले नाही.

जे झालं ते तिसऱ्या वर्षी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रोह्याला आम्ही एका धर्मशाळेत उतरलो होतो. मुंबईची तिशीतली एक मुलगी माझ्या शेजारी पाय ताणत बसली होती. ती खूप ठिकाणी सायकल चालवून आलेली होती, तिचं बोलणं सगळे ऐकत. ती मला म्हणाली, "ताई, तुम्ही किती छान चढता. आज आपल्या पुढे फक्त एकच बाई आहे आणि तिचा गुडघा गेलाय, ती उद्या सोडणार. तुम्ही उद्या एकट्या निघालात ना, तर लेडीजमध्ये पहिल्या याल."

"आम्ही दोघी बरोबर असतो," मी म्हटलं.

"हो, पण त्या थांबतात किती!"

हे खरं होतं. सिस्टरांना रस्ता थांबवायचा. कुणाला गोळी कधी घ्यायची ते विचारायचं असे, कुणाच्या बाळाच्या अंगावर पुरळ, कोणी नुसतंच 'सिस्टर चहा घेऊन जा.' मुरुड जवळ आलं की तर दर फर्लांगाला. मी हसले आणि विषय बदलला. पण त्या मुलीने माझ्यात काहीतरी पेरलं असं म्हणून मी तिच्यावर ढकलणार नाही. ते माझ्यात होतंच. चाळीस वर्षं मी कशातच पहिली आलेली नव्हते. लहानपणी दम्यामुळे मला शाळेच्या शर्यतीत उभंसुद्धा करायचे नाहीत. शाळेतल्या मुलांना मी ठिपका बघायला सांगून आले होते. सकाळी उठले तेव्हा मी मनात वेळ मोजत होते.

सकाळी मुरुड ओलांडलं तेव्हा साडेदहा झाले असतील. आगरदांड्याच्या जेटीआधी एसटीचा थांबा आहे. तिथे एक ओली बाळंतीण तान्हं घेऊन बसली होती, बरोबर तिची सासू. सासूने हात केला. "सिस्टर, जरा बघा ना, दूधच वढत न्हाय पोर."

सिस्टर उतरल्या. "बाई, तू जा पुढं. बोटीची तिकिटं काढ. मी ही आले."

मी पुढे गेले, तिकिटं काढली, बोटीवर चढले. बोटीवर दोन जीपगाड्या, काही मोटारसायकली आणि आमच्या राइडमधले चौघे पुरुष होते. दोर सोडायला खलाशी उभा होता, सावळा, डोक्याला रुमाल बांधलेला. तो आम्हाला दोन वर्षांपासून ओळखत होता. त्याने मला एकटीला बघितलं आणि विचारलं, "सिस्टर येतात ना मागनं? थांबू दोन मिंटं?"

मी किनाऱ्याकडे बघितलं. उताराखालचा रस्ता रिकामा दिसत होता. पुढची बोट तासाभराने होती. मी मान हलवून म्हणाले, "नको. त्या मागच्या बोटीने येतील."

मग त्याने दोर सोडला. बोटीची फळी वर उचलली गेली, आणि त्याच वेळी सिस्टर उतारावरून येताना दिसल्या. निळ्या पिशव्या लांबूनही ओळखू आल्या. त्यांनी एक हात वर केला. घाईने थांबवायला करतात तसा नाही. मी इथे आहे, असं सांगायला करतात तसा. मी पण हात केला. काय अर्थाने केला ते मला आजही सांगता येणार नाही. बोट वळली.

पाण्यात अर्ध्यावर आल्यावर मला माझा पंप आठवला. तो त्यांच्याकडे होता. आणि लगेच दुसरी गोष्ट आठवली, पंक्चरचं सगळं सामान माझ्याकडे होतं. मी दीर्घ श्वास घेऊन बघितला. छाती मोकळी होती. दिघीला उतरले. तिथे एका झाडाखाली बाकडं होतं, तिथे बसून तासभर थांबता आलं असतं. ते चौघे पुरुष सायकलवर बसले, मीही बसले. मी स्वतःला सांगितलं की त्या तासाने येतील, दिवेआगरला मी नारळपाणी प्यायला थांबेन तेवढ्यात गाठतील. मी दिवेआगरला थांबले नाही.

दिवेआगरच्या पुढे रेंज आली तेव्हा फोनवर त्यांचे दोन कॉल येऊन गेलेले दिसले. परत फोन करायला मला धीर झाला नाही. त्या रागावतील म्हणून नव्हे. त्या 'असू दे गो' म्हणतील आणि मग मला थांबावं लागेल, म्हणून. मी नकाशा उघडला. त्यांचा ठिपका जेटीवर नव्हता. तो उलटा, मुरुडच्या दिशेने चालला होता. मला वाटलं, कंटाळून घरी निघाल्या. आणि मला बरं वाटलं. आज लिहिताना हे वाक्य खोडावंसं वाटतंय, पण ते खरं आहे. मला बरं वाटलं, माझी अडचण सुटली.

पाचच्या सुमारास मी हरिहरेश्वरला पोचले, बायकांत पहिली. काकांनी झेंडूचा हार घातला. कोणी तरी देवळाच्या पायऱ्यांवर उभं करून फोटो काढले. माझ्या वर्गातल्या मुलांनी शाळेच्या ग्रुपवर आवाजात संदेश पाठवले होते, 'बाई पयल्या, बाई पयल्या.' खाणावळवाली मात्र पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिने विचारलं, "सिस्टर कुठं?"

"त्यांची बोट चुकली. घरी गेल्या वाटतं."

"घरी कशा? त्यांचा ठिपका तळ्याच्या रस्त्याला हाय." तिने फोन माझ्यासमोर धरला. "तिकडं कशाला गेल्या?"

दुपारच्या बोटीचं इंजिन बंद पडलं होतं आणि त्या दिवशी पुढे बोटच नव्हती, हे मला तिथेच कळलं. मुरुडला मागे फिरून, तळ्यावरून, खाडीला पूर्ण वळसा घालून म्हसळ्याकडे जाणारा रस्ता त्यांनी धरला होता. तो राइडचा रस्ता नव्हता. त्या रस्त्याने गेलं की नाव बाद होतं, आणि नियम तर त्यांना तोंडपाठ होते. काका म्हणाले, "सिस्टरांनी असं कसं केलं? थांबायचं, उद्या सकाळच्या बोटीने यायचं, वेळ गेली तरी नाव राहिलं असतं." त्या का निघाल्या हे तिथे फक्त मला माहीत होतं. मी फोन लावला. बंद होता. संध्याकाळी चुलीचा धूर पसरला तेव्हा माझी छाती आवळायला लागली. श्रीवर्धनच्या एका डॉक्टरांकडे मला मोटारसायकलवरून नेऊन आणलं. तेवढ्यावर भागलं. म्हणजे सिस्टरांनी जेटीवरच थांबून सकाळच्या बोटीची वाट बघितली असती तरी चाललं असतं, त्यांना तो वळसा घालावाच लागला नसता.

दुसऱ्या दिवशी नऊला म्हसळ्याहून आलेल्या एसटीतून सिस्टर उतरल्या. कंडक्टरने टपावरून त्यांची सायकल उतरवून दिली. मागचं चाक सपाट होतं. म्हसळ्याच्या अलीकडे ते फुटलं होतं आणि दुरुस्तीचं काही जवळ नसल्याने त्या उरलेला रस्ता सायकल हातात धरून चालल्या होत्या. मग तिथल्या एका परिचारिकेच्या खोलीवर उतरल्या. पायात स्लिपर होत्या, बुटांनी टाच सोलली होती.

त्या सरळ माझ्याकडे आल्या. औषधाचा डबा उघडून पंप माझ्या हातात दिला. "रात्री त्रास झाला नाही ना गो? मी जेटीवरनंच फोन करत व्हते, लागेना. मग चार्जिंगची बॅटरी व्हती ती त्या डबीला लावली, फोन राहू दिला, म्हटलं मुलगी ठिपका बघत असेल."

"नाही," मी म्हटलं. "काही त्रास नाही झाला."

काका आले. त्यांनी नाव बाद झाल्याचं हळूच सांगितलं आणि विचारलं, नक्की काय झालं. सिस्टर म्हणाल्या, "मी उतारावर पोचले नि बोट सुटली. मी वाटेत थांबले, माझीच चूक." एक तरुण म्हणाला, "असं कसं? समोर दिसत असताना खलाशाने बोट काढली? दोन मिनिटं थांबता येत नाही या लोकांना." आणखी दोघांनी मान हलवली. बोलणं तिकडे वळलं. माझ्याबरोबर बोटीवर होते ते चौघे सकाळीच निघून गेले होते. तिथे उभ्या असलेल्यांपैकी खरं सांगू शकेल अशी मी एकटी. माझ्या गळ्यात कालचा हार नव्हता, पण खोलीत खुंटीला होता. मी म्हणाले, "चला, नाश्ता करून घेऊ."

परतीला आम्ही एका टेम्पोत शेजारी बसून आलो. त्यांनी त्या बाळाचं सांगितलं. टाळूला पांढरं बुरशीसारखं आलं होतं, त्याने दूध ओढत नव्हतं, औषध दिलं. चाकाबद्दल, टाचेबद्दल काही नाही. मी मनात दहा वेळा वाक्य जुळवलं आणि दहा वेळा मोडलं. मुरुड आलं.

त्यानंतर रविवार होत राहिले, पण सायकली निघेनात. एकदा त्यांची ड्यूटी, एकदा माझं प्रशिक्षण. मग त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला अख्खा गाव होता, मी भाषण केलं, सगळं सांगितलं, कॅरिअरवर बसवून नेलं ते, पिशव्या, पोपटी. बोटीचं नाही सांगितलं. महिन्याभरात त्या मुलीकडे पनवेलला राहायला गेल्या.

पुढच्या वर्षी मी राइडला एकटी गेले. शाळेच्या मुलांना सवय झाली होती, मलाही. आदल्या संध्याकाळी काकांनी नवी सूचना सांगितली: "आगरदांड्याच्या बोटीवर एक खलाशी आहे, मागच्या वेळी त्याने सिस्टरांना सोडून बोट काढली होती. आम्ही बोटवाल्यांना सांगून त्याला समज दिली आहे. यंदा असं होणार नाही." लोकांनी मान हलवली. मी शेंगा सोलत राहिले.

तिसऱ्या दिवशी मी जेटीवर पोचले. तोच खलाशी होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं.

"सिस्टर न्हाय आल्या?"

"नाही. त्या पनवेलला असतात आता."

त्याने दोर गुंडाळायला घेतला. मी सायकल टेकवली तरी तो तिथेच उभा राहिला. खाली बघत म्हणाला, "माझ्यावर बोल आला, बाई. मालकाने आठ दिस घरी बसवला. मी इचारलं व्हतं ना तुमाला?"

"हो."

"मग कुणाला तरी सांगा की."

एवढंच तो बोलला. आवाज चढवला नाही. पलीकडे उतरताना त्याने नेहमीसारखा माझ्या सायकलला हात दिला, आणि तो हात मला झेपेना.

त्या वर्षी हरिहरेश्वरला मी कितवी आले ते मला आठवत नाही. मी काकांना बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं. खलाशाने काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याची मी जाऊन माफी मागतो. तुमचं मात्र... आता कशाला उकरता, बाई? जुनं झालं." ते खरंच जाऊन आले, खलाशाला भेटले. ग्रुपवर त्यांनी फक्त 'गैरसमज झाला होता' असं लिहिलं. माझं नाव नाही. मी स्वतः लिहायला हवं होतं. अंगठा फोनवर टेकवून मी बसले आणि नाही लिहिलं.

पनवेलला मी मार्चमध्ये गेले. सातव्या मजल्यावर मुलीचं घर. सिस्टरांनी बोंबील तळले होते, तांदळाच्या भाकरी केल्या होत्या. त्या बारीक झाल्या होत्या, गुडघ्याला पट्टा होता. मुलगी कामावर गेलेली. जेवण झाल्यावर मी बोलायला सुरुवात केली.

"सिस्टर, त्या दिवशी बोट..."

"माहीत हाय मला."

मी वर बघितलं.

"त्याने तुला विचारलं, ते मला उतारावरनं दिसत व्हतं. तू मान हलवलीस. मग त्याने दोर सोडला." त्या ताटं उचलत होत्या. "मुलगी पण म्हणाली. ती बघत व्हती ना. तुझा ठिपका पाण्यावर आणि माझा जेटीवर. म्हणाली, आई, बाई थांबल्या नाहीत का पलीकडे? मी म्हटलं, रेंज नसेल तिथं."

"तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?"

"रागवायचं."

त्या स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला. पाण्याच्या आवाजात त्या म्हणाल्या, "राग आला व्हता की. म्हसळ्याच्या अलीकडे चाक फुटलं तेव्हा आला. रस्त्याला माणूस न्हाय, सायकल ढकलत चालले व्हते, तेव्हा तुला खूप शिव्या दिल्या. मग तुझा पंप आठवला की चालायचे. हरिहरेश्वरला पोचेपर्यंत सगळा संपला." नळ बंद झाला. "तू तेव्हाच सांगितलं असतंस तर बरं झालं असतं गो. मी वाट बघितली थोडी. टेम्पोत बघितली."

मला माफी मागायची होती. मी मागितली. त्या "असू दे" म्हणाल्या, जे म्हणतील म्हणून मी दिवेआगरला फोन केला नव्हता. पण त्या 'असू दे'मध्ये पूर्वीचं काही नव्हतं. रुग्णाला म्हणतात तसं होतं ते, नीट, शांतपणे, काम संपवून.

निघताना मी म्हटलं, "गुडघा बरा झाला की एका रविवारी जाऊन येऊया काशीदपर्यंत. हळूहळू. मी थांबेन."

"न्हाय गो आता," त्या म्हणाल्या. "सायकल तर उपकेंद्रातल्या आशाताईला देऊन आले. तिच्या वस्त्यांना चढ खूप हाय."

त्याला आता तीन वर्षं झाली. राइड दर जानेवारीत होते, शंभरेक लोक येतात, काका थकले म्हणून दुसऱ्या कोणी हातात घेतली आहे. मी नाव देत नाही. गावातून सायकली गेल्या की मुलं फाटकाशी धावतात आणि मी त्यांच्या मागे पाण्याची कळशी घेऊन उभी राहते. सिस्टरांचा फोन दिवाळीला येतो, कधी पावसाळ्यात दमट हवा झाली की येतो. श्वास कसा आहे विचारतात, औषध वेळेवर घेतेस ना विचारतात. मी हो म्हणते. मग शाळेचं, त्यांच्या नातवाचं बोलतो. आमच्या बोलण्यात कुठेही अडखळ नसते, आणि पाच मिनिटांत ते संपतं. पूर्वी आम्ही रेवदंड्याच्या पुलावर सायकली टेकवून दोन-दोन तास बोलायचो, आणि शेवटी त्याच म्हणायच्या, ऊठ गो बाई, ऊन चढलं.